ज्याचा मोबाईल, त्याचा फॉर्म

निरगुडसरचं आमंत्रण मी चार वर्षं चुकवत आलो होतो. एकदा पाठ धरली, एकदा भाच्याची सुपारी फुटायची होती, एकदा ऑफिसात ऑडिट निघालं. यंदा तिथल्या शाळेचा फोन आला तेव्हा मी अंघोळीला गेलो होतो आणि फोन बायकोनं उचलला. "येतील की! रविवारी घरीच असतात. पेपर वाचतात आणि माझ्या भाजीला नावं ठेवतात," असं सांगून तिनं परस्पर तारीख देऊन टाकली. मी डोकं पुसत बाहेर आलो तर म्हणाली, "दहा वाजता पोचायचंय. मीपण येणारे. बघू तरी, निरगुडसरला तुमचं कोण आहे ज्याला एवढं घाबरता."

लग्नाला सव्वीस वर्षं झाली. हिला न सांगताही काहीतरी आहे एवढं कळतं. नेमकं काय ते कळत नाही, आणि मी कधी सांगत नाही. माझ्या तोंडून शब्द निघणं म्हणजे बोअरला पाणी लागणं, असं ती पाहुण्यांना सांगते.

तर निरगुडसरला कोण होतं ते आता सांगतो. तिथं एक सून नांदत होती, जिची कॉलेजातली जागा मी बारा वर्षांपूर्वी बेल्ह्याच्या बाजारात एका गायीच्या सौद्यापायी घालवली होती. तिला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं फक्त मला.

मी शिक्षक नाही. आळेफाट्याजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात लिपिक आहे. ऑफिसात मला भाऊसाहेब म्हणतात. पण गेली आठ-दहा वर्षं उन्हाळा सरत आला की जुन्नर-आंबेगावातल्या शाळा मला 'बारावीनंतर काय?' यावर बोलायला बोलावतात, आणि आमच्याकडं माणसाच्या हातात माइक दिला की तो आपोआप सर होतो. घरात मुका असलेला मी दाखले, फॉर्म आणि शिष्यवृत्त्या यांवर दीड तास थांबत नाही. शाली इतक्या जमल्यात की एकीत मटकीला मोड येतात, एक मिक्सरवर असते आणि एक स्कूटरच्या सीटवर.

माझं एक वाक्य दोन्ही तालुक्यांत फिरतं. ज्याचा मोबाईल, त्याचा फॉर्म. म्हणजे ज्या मुलाचा अर्ज आहे त्याच्याच हाताशी असलेला नंबर त्यावर पाहिजे. दुसऱ्या कुणाचा नंबर घालून मी फॉर्म भरू देत नाही. मग ते पोरगं रडो की बाप चिडो. लोक म्हणतात, सर लई कडक, पण शिस्त बघा. मागं एका कार्यक्रमात सूत्रसंचालकानं माइकवरच विचारलं, "सर, ही कल्पना तुम्हाला सुचली कशी?" मी म्हणालो, "सहज."

सहज वगैरे काही नव्हतं.

आमच्याकडची रीत अशी. घरातला फोन बापाच्या खिशात आणि बाप रानात. तिथं रेंज नाही, आणि असली तर रिचार्ज संपलेला. मग गावातला किंवा कॉलेजातला जो एक जाणता माणूस सगळ्यांचे फॉर्म भरतो, तो स्वतःचाच नंबर सगळ्यांच्या फॉर्मवर टाकून मोकळा होतो. पासवर्डसुद्धा सगळ्यांना मिळून एक. त्यात वाईट कुणालाच वाटत नाही, उलट आईबाप निर्धास्त होतात. "भाऊसाहेबांचा नंबर दिलाय ना? मग झालं!" पन्नास पोरांचे निरोप एका माणसाच्या खिशात टिंगटिंग करत येतात, आणि तो माणूस त्या दिवशी कुठं असेल याची कुणी चौकशी करत नाही.

आमच्या कॉलेजातला तो जाणता माणूस मी होतो.

ती मुलगी बेल्ह्याच्या अलीकडच्या एका वस्तीवरची. बारावीला चांगले मार्क होते आणि तिला कृषीच्या पदवीला जायचं होतं, सरकारी कॉलेजात. वर्गातल्या बाकीच्या मुली काय मिळेल ते बघू म्हणायच्या. ही मात्र ऑफिसच्या खिडकीला हात टेकून सांगायची, "भाऊसाहेब, टोमॅटोवर करपा का पडतो ते आमच्या गावात औषधवाल्यालाबी नीट सांगता येत न्हाई. मी शिकून सांगणारे." मी तिचा फॉर्म भरला. माझा नंबर टाकला.

त्या सोमवारी मी रजा काढून मेहुण्याबरोबर बेल्ह्याच्या बाजारात गेलो होतो. गाय घ्यायची होती. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत हे इकडं सगळ्यांना माहीत आहे. व्यापारी आपला हात हातात घेतो, वर रुमाल टाकतो आणि आत बोटं दाबून आकडा कळवतो. माझा उजवा हात असा रुमालाखाली अडकलेला, आणि खिशात फोन थरथरला. मी डाव्या हातानं काढून बघितला. मेसेज स्पष्ट होता. तिला पहिल्याच फेरीत जागा मिळाली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत हजर होऊन प्रवेश घ्यायचा, नाहीतर जागा रद्द.

व्यापारी म्हणाला, "पावणं, बोटं हलवा की! झोपला का?"

मी फोन खिशात टाकला आणि बोटं हलवली.

मला कुणी विचारलं असतं तर 'वेळच मिळाला नाही' म्हणून सुटायची सोय होती, म्हणून हे नीट सांगतो. वेळ होता. दीड दिवस होता. बाजारातून तिच्या वस्तीवर जायला मोटरसायकलला वीस मिनिटं लागतात. परत जाताना सांगू, असं मनात होतं. पण गाय टेम्पोत चढेना. चढली तर उतरेना. उतरली ती दावं तोडून पळाली आणि आमची अर्धी आळी अंधार पडेपर्यंत तिच्यामागं. मंगळवारी ऑफिसात कुणाची तरी निवृत्ती, पेढे, फोटो. बुधवारी सकाळी ती मुलगी खिडकीत उभी राहिली. हातात पिशवीभर काकड्या होत्या, कोवळ्या, पहिल्या तोड्याच्या.

"आईनं दिल्यात. मेसेज आला का हो भाऊसाहेब?"

तेव्हा मला आठवलं.

त्या क्षणी मी खरं बोललो असतो तर कदाचित अर्ज-विनंत्या करून काही झालंही असतं. कदाचित नसतं. पण त्यासाठी आधी चूक कबूल करावी लागली असती, आणि खिडकीच्या आत सगळं ऑफिस बसलेलं. मी म्हणालो, "नाही लागला गं नंबर. यंदा यादी फार वर गेली."

ती म्हणाली, "मला वाटलंच व्हतं. आमच्या घरात कुणाचाच लागत न्हाई." आणि काकड्यांची पिशवी आत सरकवून गेली.

तिनं जवळच्याच कॉलेजात बीएला नाव घातलं. दुसऱ्या वर्षी लग्न होऊन निरगुडसरला गेली. मी काकडी खायची सोडली. बायकोला वाटतं मला काकडी बाधते. पाहुण्यांकडं पंगतीत बसलो की ती लांबूनच ओरडते, "ह्यांना कोशिंबीर नको, अंगावर पित्त उठतं!"

तर निरगुडसर. शाळेच्या हॉलमध्ये सतरंज्या टाकल्या होत्या. मुलं पुढं, आयाबाया डाव्या बाजूला, टोपीवाले मागं खुर्च्यांवर. मी बोलायला लागलो आणि पाच मिनिटांत नेहमीचा सूर लागला.

एक गृहस्थ मधेच उठले. "सर, फार्मसी बरी का नर्सिंग?"

"कुणाला करायचंय?"

"पोराला."

"पोरगं कुठंय?"

"ते मॅच खेळाया गेलंय."

"मग तुम्हीच घ्या की ॲडमिशन. आलाच आहात तर."

हॉल हसला. मी पैशांकडं वळलो, कारण हॉलमधल्या निम्म्या लोकांच्या मनात तेच असतं आणि विचारायला लाजतात. फी किती हे विचारताना तीन गोष्टी वेगळ्या विचारा, असं मी सांगतो. कॉलेजची फी किती, राहायला किती, जेवायला किती. मुलींची शिकवण्याची फी, घरचं उत्पन्न अटीत बसत असेल तर, बऱ्याचशा कोर्सना आता सरकार भरतं. पण मेसवाला सरकारी नसतो. त्याची सोय आधी बघा. उत्पन्नाचा दाखला निकालाच्या आधी काढून ठेवा. निकालानंतर तहसीलबाहेर अख्खा तालुका उभा असतो. बँकेचं खातं आधारला जोडलंय का बघा, नाहीतर शिष्यवृत्ती दारापर्यंत येते आणि कडी वाजवून परत जाते. आणि शिक्षणासाठी बँकेचं कर्ज घ्यायला लाजू नका. ट्रॅक्टरला घेताना लाजता का?

मग पसंतीची यादी. "आपली पोरं इथंच गोता खातात," मी सांगितलं. "कॉलेजांची यादी भरताना पहिल्या नंबरला जे मिळेलसं वाटतं ते टाकतात. आणि मग तेच मिळतं! बाजारात गेल्यावर आपण आधी कुठली गाय बघतो? आवडलेली. नाही जमली तर पुढची. यादीत वरती हवं ते लिहायचं. खाली सोयीचं."

गायीचं उदाहरण मी इतकी वर्षं कसं देत आलो, देव जाणे. जीभ तिथंच जाते.

तेवढ्यात डाव्या बाजूनं एक बाई उठली. हाताला माती लागून वाळलेली, शेजारी चष्मा लावलेली एक मुलगी, मागच्या खुर्चीत पांढऱ्या टोपीचे म्हातारबाबा. मी तिला बघितल्याबरोबर ओळखलं. खिडकीला हात टेकायची तशीच ती शेजारच्या खांबाला हात टेकून उभी होती.

"सर, ही माझी पुतणी. मार्क चांगलेत. तिला फूड टेक्नॉलॉजीला जायचंय, तिकडं परभणीला. म्हणती, इथं टोमॅटो रस्त्यावर वतत्यात, त्याचं काय तरी करून दाखवीन. पण मी तिच्या यादीत पयलं इथलंच कॉलेज टाकायला लावलंय, हमखास मिळंल असं. परवा मुदत हाय. तुमी म्हणता हवं ते वरती लिवा. पण आमच्या घरात नंबर लागत न्हाई वो. उगं आशेवर पोर बसवायची आन् मग तिनं तोंड पाडून घरी यायचं." ती हॉलकडं वळली. "माझा फॉर्म सरांनीच भरला व्हता बरं का. एकदम व्यवस्थित. त्यांचा काय दोष न्हाई. मीच कमी पडले."

पुढच्या ओळीतल्या कुणीतरी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी.

तोपर्यंत मी समजून होतो की माझ्या गप्प बसण्यानं एका मुलीचं एक वर्ष, फार तर एक पदवी गेली. आता ते गप्प बसणं दुसऱ्या मुलीच्या यादीत पहिल्या नंबरला येऊन बसलं होतं. मी म्हणालो, "कार्यक्रम संपला की थांबा जरा." बायकोनं मान वर करून माझ्याकडं बघितलं.

कार्यक्रम संपला. मला शाल घातली, नारळ दिला. लोक पांगले आणि आम्ही व्हरांड्यात आलो. ती, तिची पुतणी, सासरे, ज्यांना सगळे आबा म्हणत होते, माझी बायको आणि मी. माझ्या खांद्यावर शाल तशीच आणि दोन्ही हातांत नारळ. कबुली द्यायला एवढी चमत्कारिक अवस्था दुसरी नाही.

"बस जरा," मी तिला म्हणालो.

"बसते, पण लवकर बोला सर. टेम्पोत रोपं हायेत, उन्हानं मान टाकतील." ती टोमॅटो-मिरचीची रोपवाटिका चालवते. तिची रोपं न्यायला लोक संगमनेरहून येतात हे मला ठाऊक होतं. तिच्याबद्दल जे जे कानावर येई ते मी लक्षात ठेवत आलो होतो.

"तुझा नंबर लागला होता."

"कशाला?"

"तेव्हा. कृषीला. पहिल्याच फेरीत. मेसेज माझ्या फोनवर आला होता. दीड दिवस हातात होता आणि मी तुला सांगितलं नाही. नंतर तू आलीस तेव्हा खोटं बोललो."

आबांना जरा कमी ऐकू येतं. "काय म्हणत्यात पावणं?"

"आबा, काकूचा नंबर लागला व्हता म्हणत्यात," पुतणी ओरडली.

"कवा? आज?"

"न्हाई हो, बारा वर्सांमागं!"

"मंग आज का सांगत्यात?"

ती उठली, व्हरांड्याच्या टोकाच्या टाकीपाशी गेली, नळ सोडून तोंड धुतलं, पदरानं पुसलं, आणि तिथंच पाठ करून उभी राहिली. बायकोनं माझ्या हातातला नारळ काढून घेतला. मग ती टाकीपासून परत आली आणि माझ्यासमोर बसली.

"कुठं व्हता तुमी त्या दिवशी?"

"बेल्ह्याच्या बाजारात."

"आमच्या वस्तीपासनं ईस मिंटावर?"

"हो."

"काय घ्यायला गेला व्हता?"

"गाय."

"घेतली?"

"घेतली."

"कशी निघाली?"

आता खरंच बोलायचं ठरवलं होतं. "लाथाडी निघाली. धारेला बसलं की बादली उडवायची. चार महिन्यांनी परत त्याच बाजारात नेऊन विकली."

पुतणीनं तोंडावर हात दाबला, पण हसू बोटांतून बाहेर आलंच. काकूनं तिच्याकडं रागानं बघितलं, मग माझ्याकडं, आणि काकूच्याही ओठांचं काहीतरी व्हायला लागलं. "म्हंजे माझी जागा गेली ती गेली," ती म्हणाली, "आन् वर दूधबी न्हाई?"

मग ती हसली. मोकळं नाही, पण हसली. आणि हसता हसताच डोळे भरून आले.

"भाऊसाहेब," ती म्हणाली. 'सर' गळून पडलं होतं. "बारा वर्सं मी सोताला ढ समजते. औषधाचं प्रमाण मला तोंडपाठ असतंय, तरी दोनदा कुणाला तरी इचारते. लोकं म्हणत्यात बाई हुशार हाय, मला वाटतं थट्टा करत्यात. माझी पोरगी पाढे चुकली की मी तिला म्हणते, आईवर गेलीस. एका मेसेजपायी. तुमाला एकदाबी वाटलं न्हाई का, जाऊन सांगावं?"

"रोज वाटलं."

"मंग?"

"भ्यालो."

"मला?"

"तुला. स्वतःला जास्त."

तिनं मान हलवली, म्हणजे माफ केलं असं नाही. ऐकलं, एवढंच. "मला राग आलाय. लई आलाय. तो काय आज जायचा न्हाई."

"नको जाऊ दे," मी म्हणालो.

तेवढ्यात आबांना सगळा प्रकार उमगला असावा. ते काठी टेकत पुढं आले. "सूनबाई, म्हंजे आमच्या घरात आक्शी सायबीण आल्ती, आन् आमी तिला शेण काढाय लावलं?"

"आबा, शेण मीच काढते म्हणलं व्हतं."

"तवा तू ढ व्हतीस. आता न्हाईस. उद्यापास्नं मी काढतो."

"तुमच्यानं वाकवत तरी हाय का?"

"न्हाई. पर म्हणाय काय जातंय?"

यावर माझी बायकोसुद्धा हसली. मी हसलो नाही. माझा हक्क नव्हता. पण बारा वर्षांत पहिल्यांदा छातीवरचं काहीतरी हललं.

"माफीचं मागनं बघू," ती पदर खोचत म्हणाली. "आधी हिची यादी काढा. परवा मुदत हाय. परभणी पयल्या नंबरला."

यादी तिथंच व्हरांड्यात नव्यानं लावली. पुतणीनं स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या हातानं. मी शेजारी बसलो होतो, हात पाठीमागं. बदल पक्का करायला फोनवर ओटीपी आला, आणि मी सवयीनं डोकावलो, तर पोरीनं फोन छातीशी धरला. "सर, तिकडं बघा! ओटीपी कुणालाबी सांगायचा नसतो."

"शाबास," तिची काकू म्हणाली. "ह्यांना तर बिलकुल न्हाई."

मग राहायचं आणि मेसचं निघालं. मी वसतिगृहाच्या अर्जाचं सांगितलं, घराबाहेर राहून शिकणाऱ्यांना मिळणाऱ्या भत्त्याचं सांगितलं, कुठला दाखला कुठं जोडायचा ते सांगितलं. मुद्दाम हळू सांगितलं आणि काकूला सगळं तिच्या वहीत लिहून घ्यायला लावलं. रोपांच्या ऑर्डरींची वही होती, मागच्या पानावर. लिहून झाल्यावर तिनं पेन बंद केलं, परत उघडलं.

"भाऊसाहेब, वयाची अट असती का?"

"कशाला?"

"माझं इचारते."

मुक्त विद्यापीठाला नसते, मी सांगितलं. घरी राहून करता येतं, परीक्षेला आणि प्रात्यक्षिकाला तेवढं केंद्रावर जावं लागतं. शेतीचे अभ्यासक्रम आहेत.

"करपा का पडतो ते असंल त्यात?"

"असेल."

"मंग माझाबी भरा." लगेच बोट वर केलं. "भरा म्हंजे, मी भरते. तुमी नुसतं बसा."

परतताना मंचरपर्यंत बायको नारळ मांडीवर घेऊन नुसता रस्ता बघत होती. मला वाटलं, आता घरी गेल्यावर खरं ऐकायला मिळणार. नारायणगावला मिसळीसाठी गाडी थांबवली. बटाटवडा, फरसाण, तर्री, सोबत कांदा आणि काकडी. मी सवयीनं काकडीची ताटली बाजूला सारली.

"म्हणून काकडी खात नव्हता होय!" ती म्हणाली.

मी मान हलवली.

"आणि मी पंचवीस घरी सांगितलं, ह्यांना पित्त उठतं." मग थोड्या वेळानं, पाव मोडता मोडता, "मला वाटायचं निरगुडसरला तुमचं जुनं काहीतरी आहे."

"आहेच की."

"तसलं नाही. तसलं!" ती इतकी हसली की शेजारच्या टेबलावरचे ट्रकवाले वळून बघायला लागले. हसणं आवरल्यावर तिनं ती ताटली माझ्यासमोर ओढली. मी एक फोड खाल्ली. पित्त उठलं नाही.

पण घरी पोचेपर्यंत एक गोष्ट तिनं ऐकवलीच. "मला सांगितलं असतंत तर मी दुसऱ्याच दिवशी तिच्याकडं पाठवलं असतं तुम्हाला. कान धरून." ते खरं आहे. म्हणूनच सांगितलं नव्हतं.

यादी लागायचा दिवस आला. हल्ली माझ्या फोनवर कुणाचेच मेसेज येत नाहीत, माझ्या नियमानंच. सकाळपासून फोन टेबलावर गार पडला होता. कॉलेजातल्या मुलांच्या आरोळ्या व्हरांड्यातून येत होत्या, कुणाला मिळालं, कुणाला नाही. मी पोरीच्या काकूला फोन करू शकलो असतो. केला नाही. निरोप तिचा होता, कधी द्यायचा ते तिनं ठरवायचं. जेवणाचा डबा तसाच राहिला. दर दहा मिनिटांनी फोन चालू आहे ना ते बघत होतो, आणि एकदा शिपायानं विचारलं, "भाऊसाहेब, तुमची ॲडमिशन हाय का काय?"

चार वाजता तिचा फोन आला.

"यादी लागली, भाऊसाहेब."

"मग?"

"मंग काय? उद्या सांगते."

"अगं…"

"उद्या म्हंजे उद्या. मला तिसऱ्या दिवशी कळलं व्हतं, तेबी खोटं. तुमाला उद्या खरं सांगते. हे तरी बरं न्हाई का?"

"बरं आहे," मी म्हणालो. काय म्हणणार?

तिला फोन ठेवायचाच होता, पण मागून आबांचा आवाज आला, कमी ऐकू येणाऱ्या माणसांचा असतो तसा, अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा. "अगं, फोन चालूच हाय तर पावण्यांना इचार की! आळेफाट्यावरनं परभणीला डायरेक येष्टी हाय का, आन् किती वाजता?"

"आबा! गप बसा की जरा!"

आणि त्याच्याही मागून त्या पोरीचं हसणं, थांबता थांबत नव्हतं.

मी म्हणालो, "आबांना सांग, आत्ता स्टँडवर जाऊन विचारतो आणि लगेच कळवतो."

"लगेच?" ती म्हणाली. "वाटेत कुठं बाजारबिजार न्हाई ना?"

मी खुर्चीवरून उठलो, चपला घातल्या. घड्याळात सव्वाचार झाले होते. पाचच्या आत उत्तर कळवायचं ठरवून मी आळेफाट्याच्या चौकशी खिडकीकडं चालायला लागलो.